पाचवा शेक

१

रेडिएशनला आमच्या भागात कोणी रेडिएशन म्हणत नाही. शेक म्हणतात. डोक्यातल्या गाठीवर अर्ध्या मिलिमीटरच्या नेमाने किरण सोडणारं मशीन, आणि पेशंट विचारतो, "आज शेक हाय ना?" जणू आम्ही त्याच्या कंबरेला गरम वाळूची पुरचुंडी बांधणार आहोत. बारा वर्षं मी हे ऐकतोय. पहिली दोन वर्षं समजावून सांगितलं. मग मीही शेक म्हणायला लागलो, कारण लोकांना शहाणं करण्याचा पगार मला कोणी देत नाही.

मी हर्षद म्हात्रे, खाडीकाठच्या एका हॉस्पिटलात रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट. माझी कामं दोन, मास्क बनवायचे आणि मशीन चालवायचं. मास्क म्हणजे प्लास्टिकची जाळीदार पाटी. गरम पाण्यात बुडवली की मऊ पडते. ती पेशंटच्या तोंडावर ताणून बसवायची, बोटांनी नाक, ओठ, हनुवटी दाबून घ्यायची, की दहा मिनिटांत कडक होते. मग दर शेकाला तोच मास्क घालून डोकं पलंगाला क्लिपांनी जखडायचं, म्हणजे किरण ठरल्या जागीच पडतात.

हे मास्क मोल्ड रूमच्या भिंतीवर हुकांना टांगलेले असतात, वीसपंचवीस चेहरे. नवीन माणूस ते बघून दचकतो. मला त्यात प्लास्टिकपलीकडे कधी काही दिसलं नाही.

आणि मी खारेपाटातलाच, मिठागरात राबणाऱ्यांचा नातू. शहरातून आलेले डॉक्टर आमच्या लोकांना 'साधी माणसं' म्हणतात. साधी कसली? पक्की हट्टी. मला त्यांचा मनापासून कंटाळा आहे, आणि तो मी लपवत नाही.

२

कमळ ठाकूर, वय अठ्ठेचाळीस. डावा डोळा वर्षापूर्वीच गेलेला. तो जात असताना या मंडळींनी काय केलं? अंगारा लावला, उतारे टाकले, पालीच्या गणपतीला नवस बोलले. डोक्याचा एमआरआय काढायचं मात्र सुचलं नाही. सुचलं तेव्हा गाठ उजव्या डोळ्याच्या नसेला टेकली होती.

आमच्या डॉक्टरबाईंनी त्यांना माझ्यासमोरच सांगितलं, "पाच शेक. पाचही नीट पडले तर उजवा डोळा वाचेल. एक जरी चुकला तरी मी खात्री देणार नाही."

नवरा रामचंद्रशेठ, बंदरावर दोन ट्रेलर चालतात म्हणून शेठ. तो प्रत्येक वाक्यावर मान हलवत होता, आणि त्याला एकही वाक्य कळलेलं नव्हतं. सासू सोनाबाई कोपऱ्यात चपला काढून बसली होती. एसी खोलीत अनवाणी! कमळताईंनी एकच प्रश्न विचारला.

"निवट्या साफ करन्यापुरतं तरी दिसंल ना, बाई?"

लोक नजर मागतात ती खाडीतले मासे साफ करायला. डॉक्टरबाई हसून 'दिसेल' म्हणाल्या. मी मास्कची पाटी पाण्यात टाकली.

मास्क मात्र झकास झाला. कमळताईंनी ओठ मिटून घेतले होते, ते जाळीवर शिवण घातल्यासारखे उमटले. मी स्वतःवर खूश होतो.

३

पहिले दोन शेक बिनबोभाट झाले. दुसरा शुक्रवारी होता. पुढे गौरीगणपतीच्या सुट्ट्या, त्यामुळे तिसरा बुधवारी. मी मास्क हुकाला लावायला निघालो तर सोनाबाई मोल्ड रूमच्या दारात.

"भाऊ, त्ये तोंड आमाला द्या."

"आजी, ते तोंड नाही. मास्क आहे."

"सुनेचं तोंड हाय त्ये. रविवारी गौर येनार घरात. घरची सून अर्धी हितं खुंटीला टांगून गौर कशी घेनार आमी? बुधवारी आनून देतो."

नियम स्पष्ट आहे. मास्क इमारतीबाहेर जात नाही. गेला, तर तो रद्द. नवीन मास्क, नवीन स्कॅन, सगळं गणित पहिल्यापासून. मी म्हातारीला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. मग ती दारातच बसली. सुट्टीच्या आधीचा शुक्रवार, पाच वाजून गेलेले, मला पेणची बस गाठायची होती.

"घेऊन जा," मी म्हटलं, "पण उन्हात ठेवू नका आणि कोणाला सांगू नका." तिने मास्क पदरात घेतला आणि त्याचं तोंड पदराने झाकलं. मी बस गाठली.

४

बुधवारी मास्क परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर हळदकुंकू होतं.

"अहो शेठ, हे काय?"

रामचंद्रशेठने अभिमानाने मोबाइल पुढे केला. फोटोत दोन गौरी शेजारी शेजारी. एक नेहमीची, तेरड्याची, पितळी मुखवट्याची. दुसरी पाटावर रचलेली, हिरवं नऊवारी, मनगटाच्या जागी काठीला कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि वर माझा मास्क. पुढ्यात केळीच्या पानावर भात, वडे, खीर.

"आमच्यात मुखवटा उंबऱ्यातून आत आला की रिकामा ठेवत न्हाईत," तो म्हणाला. "बसवावा लागतो, जेवायला वाढावं लागतं. लय छान दिसत होती. न्हाय का?"

ज्यांना गौर आणि हॉस्पिटलचं प्लास्टिक यातला फरक कळत नाही, त्यांच्या घरात ट्रेलरचे कागद कोण वाचतं, असा प्रश्न मला पडला. सोनाबाई मात्र खूश नव्हती. ती मुलाकडे न बघता मला म्हणाली, "काल दुसरीची पाठवनी केली खाडीवर. हिची न्हाय केली. तुमाला परत द्यायची व्हती म्हनून. बोलावली, जेवू घातली, आन् पाठवली न्हाय. ह्ये बरं न्हाय झालं."

"आजी, शेक पूर्ण झाले की घेऊन जा आणि पाठवा कुठे पाठवायची ती."

मी मास्क स्पिरिटने पुसायला घेतला. कुंकू निघालं. आतल्या बाजूला, ओठांच्या मागे, जाळीत भाताचं एक शीत अडकलं होतं. अर्थात यांनीच घास तोंडाला लावला असणार. पण बाहेरून लावलेलं शीत बाहेर चिकटतं. हे मला तेव्हाही कळलं आणि मी ते नखाने काढून डब्यात टाकलं.

माझ्यासोबत काम करणारी विनिता कमळताईंना पलंगावर घेऊन आली. क्लिपा लावताना कमळताई आतून पुटपुटल्या, "घट्ट झालंय, भाऊ. आत आधीच कुनी तोंड घालून बसल्यागत वाटतं."

"सूज असते, ताई."

सूज नसते. मी उगाच काहीतरी सांगितलं. नवीन मास्क करायला हवा होता, पण मग डॉक्टरबाईंनी विचारलं असतं, हा बाहेर कोणी दिला? तिसरा शेक दिला.

५

शेक देण्याआधी मशीन डोक्याचा स्कॅन काढतं आणि पहिल्या दिवशीच्या स्कॅनशी ताडून बघतं. तीन आकडे येतात. वरखाली किती सरकलं, डावीउजवीकडे किती, मागेपुढे किती. एका मिलिमीटरच्या आत असेल तर चालतं. शून्य कधी येत नाही. माणूस श्वास घेतो, आवंढा गिळतो, त्याचं रक्त धडधडतं. बारा वर्षांत मी एकाही जिवंत माणसाचे तिन्ही आकडे शून्य पाहिले नव्हते.

शुक्रवारी, चौथ्या शेकाला, कमळताईंचे आले. शून्य, शून्य, शून्य.

मी विनिताला हाक मारून दाखवले. "बघ, याला म्हणतात मास्क. शहरातल्यांना जमणार नाही."

विनिता आकड्यांकडे बघत राहिली. "सर, मशीन अडकलंय का?"

"तुझं डोकं अडकलंय," मी म्हटलं.

शेक सुरू केला. उपचाराच्या खोलीत तेव्हा पेशंटशिवाय कोणी नसतं. दार एक फूट जाडीचं. आम्ही बाहेर कन्सोलवर बसून मॉनिटरवर चित्र बघतो, आणि आतला माइक चालू असतो. त्या दिवशी माइकमधून कमळताईंचा श्वास येत होता, भरभर, घाबरट. प्रत्येक श्वास संपला की मागोमाग दुसरा यायचा. सावकाश, खोल, पोटभर जेवलेल्या माणसाचा. माइकचा प्रतिध्वनी. एसीच्या डक्टमधली हवा. मला दोन कारणं लगेच सुचली. ती एकमेकांशी जुळत नव्हती, म्हणून मी आवाज बारीक केला.

नंतर मास्क हुकाला लावताना पाहिलं, तर शिवण घातल्यासारखे ते ओठ सुटले होते. मध्ये बोट जाईल एवढी फट. कडक झालेलं प्लास्टिक, गरम पाण्याशिवाय सुटायला नको. रामचंद्रशेठने गाडीत उन्हात ठेवला असेल, असं मी ठरवलं. पण बुधवारपासून तो इमारतीबाहेर गेलाच नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी मास्क तोंड भिंतीकडे करून टांगला. का, ते विचारू नका.

६

सोमवारी दुपारी तीन वाजता पाचवा शेक.

सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला म्हणून मी जिन्यात गेलो. पाण्याच्या टाकीवरून त्या इसमाने दहा मिनिटं माझं डोकं खाल्लं. परत आलो तेव्हा विनिता जागेवर नव्हती. उपचाराच्या खोलीचं दार बंद होतं आणि मॉनिटरवर पलंग दिसत होता. मास्क चढवलेला, क्लिपा लावलेल्या, हिरवी चादर छातीपर्यंत. म्हणजे विनिता सगळं करून चहाला पळाली होती. या मुलींना काम नको असतं.

नियम असा की शेक देण्याआधी दोघांनी आत जाऊन पेशंटला नाव विचारायचं, तोंड बघायचं. पण जाळीखाली तोंड ते काय दिसणार? मी माइक दाबला.

"कमळताई, सुरू करतोय. ठीक असाल तर हात वर करा."

हात वर झाला. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

माझा पारा चढला. पाचव्या खेपेलाही बांगड्या! चार वेळा सांगितलं, धातू नको, काच नको, काही नको. यांच्यापुढे बोलणं म्हणजे भिंतीपुढे बोलणं. डोक्यापासून लांब होत्या म्हणून सोडून दिलं.

स्कॅन. शून्य, शून्य, शून्य. बटण दाबलं.

अकरा मिनिटांचा शेक. मशीनचा हात पलंगाभोवती फिरत होता, माइकमधून फक्त एक श्वास येत होता, तो सावकाश. नवव्या मिनिटाला मॉनिटरवर मास्कचे ओठ मिटले. मी बघत होतो तेव्हाच मिटले. कॅमेरा स्वस्तातला आहे, चित्र हलतं. मी डोळे चोळले. अकरावं मिनिट झालं, दिवा विझला, पडद्यावर अक्षरं आली, पाचपैकी पाच पूर्ण.

"भाऊ, आज लय उशीर व्हनार काय?"

मी मागे वळलो. रामचंद्रशेठ बायकोचा हात धरून उभा होता. कमळताईंचे हात उघडे होते, मनगटं मोकळी.

"विनिताम्याडमनी बाकड्यावर बसायला सांगलं," त्या म्हणाल्या. "कवाची बसलेय."

खोलीत जायला एकच वाट आहे आणि ती माझ्या खुर्चीच्या पाठीमागून जाते.

७

मी त्यांना बाहेर थांबवलं आणि दार उघडलं. ते दार सरकायला पंधरा सेकंद लागतात. पंधरा सेकंद मी 'आत कोणी नसू दे' आणि 'आत कोणीतरी असू दे' या दोन्हीची प्रार्थना केली. मी, ज्याने उभ्या आयुष्यात कशाची प्रार्थना केली नाही.

पलंग रिकामा होता. चादर सपाट. मास्क उशाशी क्लिपांत अडकलेला, ओठ मिटलेले. मी क्लिपा काढल्या. जाळी गरम होती. आतून गरम आणि ओलसर.

परत येऊन मी शेवटचा स्कॅन उघडला. आकडे पाहिले होते, चित्र पाहिलं नव्हतं. चित्र बघायची आम्हाला सवयच राहत नाही.

मास्कची कड दिसत होती, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची रेघ. त्या रेघेच्या आत काळं. कवटी नाही, दात नाहीत, मेंदू नाही. सगळीकडे हवा असते तसं काळं. आणि त्या काळ्याच्या मधोमध, ठरलेल्या जागी, एका केसाचाही फरक न करता, कमळताईंची गाठ. एकटी.

मी खिडकी बंद केली.

आता ऐका, कारण इथे मला स्वतःचीच किळस येते. मी भ्यालो म्हणून गप्प राहिलो असतो तर ते माणसासारखं झालं असतं. मी गप्प राहिलो तो नोकरीसाठी. सांगायला गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता, पेशंट आत नसताना किरण कसे सोडले? दुसरा, मास्क बाहेर कोणी दिला? माझं लायसन्स गेलं असतं. आणि नोंदीत तर सगळं सुरेख होतं. पाचपैकी पाच, चूक शून्य.

मी बाहेर आलो आणि तोंडभर हसलो.

"ताई, तुमचं काम चारांतच झालं. मशीननेच पाचवा बंद केला. आता जायचं घरी."

"खरंच?" रामचंद्रशेठचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, माझ्या पाया पडायला वाकला. कमळताई चाचपडत पुढे आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचं भलं व्हईल, भाऊ." त्यांना एकदाही वाटलं नाही की हा माणूस खोटं बोलत असेल. वाटायला हवं होतं. माणसाने इतकं मूर्ख असू नये.

विनिता आली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. तिने पडद्यावरचे पाचपैकी पाच पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात तिने नोकरी सोडली.

मास्क सोनाबाईने नेला. "आजच पाठवनी करते हिची," ती म्हणाली.

८

डिसेंबरात कमळताई तपासणीला आल्या. उजव्या डोळ्याने त्यांना आता समोरची बोटंही नीट मोजता येत नव्हती. डॉक्टरबाईंनी नवीन एमआरआय लावला, गाठ पाहिली, माझी नोंद दोनदा वाचली आणि मला आत बोलावलं.

"हर्षद, मला हे कळत नाहीये. चार शेक चांगले, पाचवा तर बिनचूक. तरी गाठ वाढली कशी? पाचव्याला काही अडचण आली होती का? आली असेल तर आत्ता सांग. अजून थोडी नजर शिल्लक आहे. राहिलेला शेक या आठवड्यात दिला तर ती टिकेल. पण पूर्ण डोस गेलेला असेल तर वर आणखी देता येणार नाही, नस जळेल."

कमळताई माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं. चारांतच काम झालं हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"काही अडचण नव्हती, मॅडम," मी म्हटलं. "पाचही पूर्ण दिलेत."

डॉक्टरबाईंनी सुस्कारा सोडून फाइल मिटली.

बाहेर रामचंद्रशेठ गाडी आणायला गेला. बाकड्यावर मी आणि कमळताई. मला उठून जाता आलं असतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आजी कशा आहेत? तो मास्क पाठवला ना खाडीत?"

"न्हाय ओ. आई खाडीपर्यंत गेल्या, पर सोडवेना त्यांना. घरातच बसवलीय." त्या हसल्या. "तिला बाकी लय चांगलं दिसतं आता. दारात कोन आलं, वाटंनं कोन चाललं, समदं मना सांगते."

"कोण सांगतं, ताई? आजी?"

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. उरलेला डोळा माझ्यावर होता आणि त्याला मी दिसत नव्हतो.

"भाऊ, ती म्हनत व्हती, हर्षदला इचार, पाचवा शेक कुनाला दिला?"

समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. पलीकडे कोणीतरी चहाचे कप विसळत होतं. डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं, सहा पावलांवर. तेवढंच चालायचं होतं.

"तुम्हालाच दिला, ताई."

"तुमी तवा चारांतच झालं म्हनला व्हता. तरी मी तिला सांगते, आमचा भाऊ खोटं न्हाय बोलायचा." त्यांनी दोन्ही हात उचलले आणि माझ्या कपाळावर ठेवले. बोटं हळूहळू भुवयांवरून खाली आली, नाकाच्या दोन्ही बाजूंनी, गालांवरून, ओठांपाशी येऊन थांबली आणि ओठांची कड नीट दाबून घेऊ लागली. "रागावू नका हां, भाऊ. मना न्हाय दिसत. ती म्हनली, त्याचं तोंड नीट बघून ये."

मी हललो नाही.